माणसांचा कप्पा

॥ श्री ॥

गुरुवार, २७ नोव्हेंबर २००३

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे घट मांडला, कहाणी वाचली, शमिकाला शाळेला लावून दिलं आणि नवाच्या ठोक्याला कामावर हजर झाले. नव्या नोकरीला याहून चांगला दिवस कुठला मिळणार. ही वही शमिकाच्या तिसरीतल्या गणिताची. मागची पानं कोरी राहिली होती, टाकवली नाहीत.

कचेरी मिरजोळ्याला, खोलीपासून पायी दहा मिनिटं. तन्वीरभाई घरांचे नकाशे काढून देतात. गिऱ्हाइकं बहुतेक दुबई-कुवेतची, माणसं तिकडे आणि घर इकडे. नकाशे काढायला दोघं, फहाद आणि महरीन. काल ईद झाली, म्हणून महरीनने डब्यातून शिरखुर्मा आणला होता. माझा उपास, तेव्हा शमिकासाठी झाकून घेतला. फहाद मोठा थट्टेखोर. मला बघून म्हणाला, भाई, जेलर आल्या का? तन्वीरभाईंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

मला स्वतःला रेघ काढता येत नाही. शिक्षण मॅट्रिक, चूल सांभाळलेली बाई मी. तन्वीरभाई म्हणाले, म्हणूनच तुम्हाला घेतलं मालनताई. मिठाईच्या कोठीची किल्ली गोड न खाणाऱ्याकडे द्यावी. चिपळूणला महिला मंडळाची वही मी सहा वर्षं एकही खाडाखोड न करता ठेवली, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

कोठी म्हणजे कोपऱ्यातला मोठा काँप्युटर. दारं, खिडक्या, जिने, ओटे, झाडं, सगळं एकदाच काढून त्यात कप्प्या-कप्प्यांनी ठेवलेलं आहे. मुलं आपापल्या काँप्युटरवरून ते उचलून नकाशात बसवतात. पण कोठीतलं मूळ दार कुणी बदललं, तर ते दार ज्या ज्या घरात बसवलंय तिथे सगळीकडे बदलतं. म्हणून मुळाला हात लावायचा नाही. आणि कुणीतरी लावतंय. माझं काम कुलूप घालायचं आणि रोज वहीत नोंद ठेवायची.

काँप्युटरच्या मागे लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी सुतळीने टांगलं आहे. तन्वीरभाई म्हणाले, कुणाच्या श्रद्धेचं आहे, आम्ही हात लावत नाही. बरं वाटलं ऐकून.

निघताना सवयीने दाराशी चपला मोजल्या. आत आम्ही चौघं, जोड पाच. पाचवा हिरव्या पट्ट्यांचा, उजवी टाच झिजलेली. असेल कुणाचा जुना.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळे कप्पे उघडून यादी केली. एक कप्पा माणसांचा आहे. नकाशातलं घर केवढं उंच ते कळावं म्हणून शेजारी एखादं माणूस उभं करतात म्हणे. दोन पुरुष, एक मुलगा, एक बाई. बाकीची काड्यांची, पण बाई मात्र हुबेहूब. पाठमोरी, पदर खोचलेला, उजव्या पायावर जरा कमी भार. चांगली घोटवलेली रेघ.

बाईच्या डोक्यावर मात्र हंडा होता. फहाद हसत सुटला. मागच्या आठवड्यात त्यानेच चढवला, पाणी भरायला पाठवली म्हणाला. कुणीतरी मुळाला हात लावतंय म्हणून तन्वीरभाई चिडले होते, ते यावरूनच. आज मी तो काढायला गेले, तर तेवढ्यात हंडा आपोआप गेलेला.

शिवाय एक नाव नसलेली फाईल. त्यात दोन पाय, पँटीसकट, गुडघ्यापर्यंतच. कुणाचं तरी अर्धवट काम. शेजारी मालकाच्या रकान्यात नाव, तुळसा. शेवटचा हात लागला काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. एक दहाला फहाद आणि तन्वीरभाई शुक्रवारच्या नमाजाला गेलेले, महरीन आणि मी ओसरीत डबे खात होतो. घड्याळ चुकीचं असावं.

शनिवारी शाळा सकाळची असल्याने शमिका अकराला इथेच आली. डाव्या पायातला मोजा नेहमीसारखा घसरलेला. पासवर्ड ठेवायचा होता. महालक्ष्मीचंच नाव ठेवलं. इंग्रजी स्पेलिंग तिनेच सांगितलं, क्ष-ला एक्स घाल गो आई. नऊ अक्षरं झाली.

सोमवार, १ डिसेंबर

कुलूप घातलं. बघायचं सगळ्यांनी, बदलायचं फक्त मी. लगेच महरीन ओरडली, तिला दार उचलताच येईना. चिपळूणला विनीतला फोन लावला, हे काँप्युटर त्यानेच जोडून दिलेत. तो म्हणाला, काकी, नकाशा उघडला की प्रोग्रॅम कोठीत एक चिठ्ठी टाकतो, मी आत आहे म्हणून. तुम्ही लिहायचीच बंदी केलीत, तर तो चिठ्ठी टाकणार कुठे? चिठ्ठीपुरतं दार उघडं ठेवायचं आणि मुळाला कुलूप. बारापर्यंत बसून तसं केलं. आता कुणीही मुळाला हात लावू शकत नाही. मी स्वतः तिन्ही काँप्युटरवरून लावून बघितला.

तीनला परत यादी तपासली. बिननावाचा माणूस कमरेपर्यंत आला आहे. एक वाजून दहा मिनिटं.

बुधवार, ३ डिसेंबर

तुळसा कोण, ते महरीनने सांगितलं. कोठीतली एकूण एक गोष्ट तिने काढलेली. पावसकडची, बागायतदारांच्या घरातली, आयटीआय केलेली. आधीच्या मुलांनी तिच्या जिन्यात गुपचूप बदल केला, एका घराचा जिना चुकला आणि बोल हिच्यावर आला. फार लागलं तिला. गेल्या शिमग्याच्या सुमाराला एक दिवस दुपारी डबा खायला आली नाही, ती नाहीच. मुंबईला गेली म्हणतात. ती पाठमोरी बाई तिने स्वतःवरूनच काढली का, विचारलं. महरीन म्हणाली, तसली बाई आधी कोठीत नव्हतीच. नंतर दिसायला लागली.

हिरव्या चपला तिच्याच.

माणसाला आज खांदे आले. हातात हेल्मेट.

फहाद दुपारी मागच्या नळावर हात धुवायला गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभाच राहिला. पाणी वाहतंय, हा उभा. महरीनने पाठीत धपाटा घातला तेव्हा हलला. भिंतीत बायको दिसली काय रे, म्हणाली. त्याला वाटत होतं आत्ताच आलो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

नीट लिहिते. फहाद आणि तन्वीरभाई दर शुक्रवारी नमाजाला बरोबर जातात. फहाद वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळावर गेला. तन्वीरभाई स्कूटर चालू करून थांबले. बराच वेळ झाला म्हणून मी बघायला गेले. नळ चालू. खाली ओली पावलं दोन, भिंतीकडे बोटं केलेली. तिथून कुठेच न गेलेली. मागे कुंपण आहे, तारेचं. फहादची मोटारसायकल जागेवर. चपला दाराशी.

कोठी उघडली. माणूस पुरा झाला आहे. पाठमोरा, फहादचेच कुरळे केस, मानेवर त्याचाच तीळ. बाईच्या शेजारी उभा.

तन्वीरभाईंना दाखवलं. त्यांनी पोलिसांना फोन लावला.

शनिवार, ६ डिसेंबर

पोलीस येऊन गेले. आमच्या जबान्या घेतल्या. फाईल दाखवली, तर हवालदार म्हणाला, चित्र छान काढलंय. फहादची आई हमिदाबी सकाळपासून ओसरीत त्याच्या चपलांपाशी बसून आहे. चहा दिला, घेतला नाही. मी देवाचं नाव घे म्हटलं, ती म्हणाली तेच घेतेय.

महरीन एकटी. संध्याकाळच्या बसने नकाशा जायचा होता आणि कुलपाने परत अडवलं. विनीत फोनवर मिळेना. ती रडकुंडीला आली, म्हणून मी कोठी सगळ्यांना मोकळी केली. एक तासभर. सगळ्यांना, सगळा अधिकार. नंतर आठवणीने बंद केली.

त्या तासात मी हमिदाबीला घेऊन रिक्षापर्यंत गेले होते. परत आले तर शमिका माझ्या खुर्चीवर. आई, बघ, त्या बाईच्या अंबाड्यात मी फूल घातलं.

फूल मी पाहिलं. चार पाकळ्यांचं. मी बघत असतानाच ते गेलं.

सोमवार, ८ डिसेंबर

दत्तजयंती. पारायण पुरं झालं. मन लागलं नाही.

नवी फाईल. नाव नाही. दोन छोटे पाय. डाव्याचा मोजा घसरलेला.

मंगळवार, ९ डिसेंबर

पुसायला गेले. परवानगी नाही म्हणतो. व्यवस्थापक मीच, पासवर्ड माझा, तरी मला परवानगी नाही. सगळ्यांचे सगळे अधिकार काढून घेतले. माझेही. एक दहा झाले आणि मोज्यांच्या वर गुडघे आले. स्वतः स्वतःची रेघ ओढली जात होती, सावकाश, घोटवून.

फहादला आठ दिवस लागले. हिची उंची कमी.

यांना मुंबईला फोन केला. हसले. काँप्युटरला नजर लागली काय, मीठ-मिरच्या ओवाळ म्हणाले. मग माझा आवाज ऐकून म्हणाले, रजा मिळते का बघतो.

बुधवार, १० डिसेंबर

तन्वीरभाईंनी काल रात्रीपासून मोठा काँप्युटर बंद ठेवला. वायरसुद्धा काढली. आज दोनला लावून बघितलं. फ्रॉक कमरेपर्यंत आला आहे. वेळ एक दहा.

शाळेतून बाई भेटायला आल्या. शमिका डब्याच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. हाका मारल्या तरी नाही. काही ताण आहे का घरी, विचारत होत्या.

झाडू मारणारी हौसा इतके दिवस त्या कोपऱ्यात जात नव्हती. आज तिचे हात धरले. तिने सांगितलं. "बाय, तुळसान राखण घातलीन हाय, कलमांना घालतात तशी. त्या फडक्यात बांधलीन हाय." चोराने बागेत फळाला हात लावला की तो हातात फळ घेऊन झाडाखाली उभाच राहतो. मालक येऊन जा म्हणेपर्यंत. हे मलाही माहीत होतं, आमच्याकडेही आंब्याला घालायचे. पण आमच्यात दर सकाळी म्हातारे जाऊन बघायचे, सोडवायचे. इथे सोडवणारी कुठे आहे?

हौसाला विचारलं, मालक नसला तर? नवा मालक लागतो, म्हणाली. नारळ द्यायचा आणि जा म्हणायचं. पुढे आणखी काही सांगत होती, राखण कधी मालकाबिगर — पण शाळा सुटायची वेळ झाली होती. मी पळाले.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी बघते तर एक दहाची वाटही न बघता रेघ खांद्यापर्यंत आली आहे. मान आणि दोन वेण्या, एवढंच बाकी.

घट मांडून, शमिकाला घेऊनच आले. नजरेआड करवेना. विनीत फोनवर. तो म्हणाला, काकी, अधिकार कितीही काढा, मालकाला कुणी अडवू शकत नाही. मालकी तुमच्या नावावर करून घ्या. कुठल्या खिडकीत जायचं, कुठल्या चौकटीत खूण करायची, एक एक सांगितलं. आतल्या सगळ्यांसकट, हीही खूण करा म्हणाला. शमिका माझ्या मांडीला टेकून बघत होती. चौकट तिनेच बोटाने दाखवली.

मालक — मालन.

नारळ वाढवला. काँप्युटरसमोर हात जोडले आणि म्हटलं, मी या कोठीची मालकीण. चुकून हात लागला लेकराचा. फहादचाही. दोघांना सोडलं. जा.

वेण्या गेल्या. मग फ्रॉक. मोजा सगळ्यात शेवटी.

मागच्या नळाचा आवाज आला. तन्वीरभाई धावले. फहाद हात धूत होता. म्हणाला, भाई, स्कूटर बंद का केलीत, मशिदीत खुतबा सुरू होईल. त्याला अजून शुक्रवारच वाटत होता. ओसरीतून धावत आलेल्या हमिदाबीने त्याला आधी एक थोबाडीत मारली आणि मग छातीशी धरलं. मी देवाला साखर ठेवली. महरीन हसत रडत होती.

पाठमोरी बाई कप्प्यात नाही. हिरव्या चपलाही दाराशी नाहीत. सुटली बिचारी, असं वाटलं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आत चौघं. चपला चार जोड. बरोबर.

दुपारी सहज उघडलं. माणसांच्या कप्प्यात नवी फाईल. दोन पाय. बायकी. जोडवी, आणि डाव्या टाचेला भेग.

माझ्या डाव्या टाचेला आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

हौसाला गाठलं. त्या दिवशी काय सांगत होतीस? तिने पदर तोंडाला लावला. राखण मालकाबिगर ऱ्हात नाय बाय. मालक बागेतच लागतो.

म्हणजे तुळसा चोरीत सापडली नव्हती. ती राखत होती. आता राखायला मी.

फडकं सोडायला गेले. गाठ कुठे सुरू होते तेच सापडत नाही. तन्वीरभाईंनी कात्री लावली, कात्रीच तुटली.

सोमवार, १५ डिसेंबर

गुडघे. रविवारी काम बंद, तरी रेघ थांबली नाही. काल मी घरी होते, चुलीपाशी. शमिका म्हणते, आई, तू किती वेळ भिंतीकडे बघत होतीस. भात करपला.

फहाद म्हणतो, ताई, माझ्या नावावर करा, माझ्यामुळे झालं. मी हमिदाबीकडे बघितलं. नाही म्हटलं. तन्वीरभाईही तेच म्हणाले. त्यांनाही तीन मुलं. कुणाच्याच नाही. हे माझ्यापाशी संपू दे.

मंगळवार, १६ डिसेंबर

कंबर. निऱ्या अगदी मी घालते तशा.

आत दुखत नाही. फक्त थंड. फहादला विचारलं, तिथे कसं होतं. आठवत नाही म्हणतो. पण डोळे दुसरीकडे नेले. मग म्हणाला, मागे कुणी उभं आहे असं वाटायचं आणि वळता यायचं नाही.

भावाला निरोप धाडला. रविवारी येऊन शमिकाला चिपळूणला ने. तोवर सांभाळायचं.

गुरुवार, १८ डिसेंबर

चौथा गुरुवार. उद्यापन. आरतीला हात वर होईनात. शमिकाने आरती धरली. तिला काही सांगितलेलं नाही. पण ती विचारते. आई, तुझं पण चित्र येतंय ना. मी बघितलं. मग तुला सोडवायचं कुणी.

कुणी नाही सोडवायचं. खडसावून सांगितलं. देवाची शपथ घातली. ती हो म्हणाली. ती हो म्हणाली, पण बोटांवर काहीतरी मोजत होती.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पासवर्ड. हे आधी का सुचलं नाही. तो तिला माहीत आहे. चौकटही. उद्या सकाळी पहिलं काम, पासवर्ड बदलायचा. असा, की तिला कधी सुचणार नाही. कोठीवर तिचं नाव चढता कामा नये. मी राहीन उभी. युगं राहीन.

महरीनला सांगून ठेवलं, शनिवारी शाळेतून तिला परस्पर तुझ्या घरी ने.

शनिवार, २० डिसेंबर

आठ वाजता आले. अंबाडा तेवढा बाकी.

बसायला खुर्चीपर्यंत गेले आणि — कितीतरी वेळ गेला. आत्ता अकरा. पासवर्ड बदलायचा राहिला. ओसरीत आहे. भिंतीकडे तोंड. वही भिंतीला टेकवून लिहिते, बोटं अजून चालतात. पाय वळत नाहीत. हाक मारते, आवाज येत नाही.

तन्वीरभाई, फहाद विनीतला आणायला स्टँडवर गेलेत. महरीन शाळेत. तिची गाठ पडली असेल. पडली असू दे रे देवा.

मागे पावलं. हलकी. एक पाय घासत. मोजा घसरला की ती अशीच —

बूट काढले दाराशी. माझ्या चपलांशेजारी दुसरा जोड.

खुर्ची ओढली.

काँप्युटर सुरू झाल्याचा आवाज. जा म्हणायला तोंड — शमे, जा. मी मालकीण आहे, मी सांगते जा. राखण तुला धरणार नाही, फक्त नाव नको —

एक अक्षर दाबलं. शोधून शोधून दाबते, नेहमीसारखं. दोन. तीन.

महरीन कुठे —

चार. पाच. सहा.

क्ष-ला एक्स. सात.

आठ —